शेऱ्याचा रकाना

मी मोहालीतल्या एका छोट्या कंपनीत टेम्प्लेट बनवते. म्हणजे नेमकं काय, हे नातेवाइकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. आमची कंपनी एक ॲप विकते. घरातली किंवा ऑफिसमधली कामं कोणी कधी करायची, झाली की नाही, हे सगळं त्यात एका जागी ठेवता येतं. पण ॲप उघडलं की समोर कोरा पडदा येतो. काय लिहायचं ते न सुचून माणूस तो बंद करतो. म्हणून मी आधीच आखलेली पानं तयार करते, लग्नाच्या तयारीचं, शिकवणीचं, थिसिस लिहिणाऱ्यांचं. ती फुकट मिळतात. पान आवडलं की माणूस ॲपमध्ये येतो आणि त्यातले काही जण पुढे गिऱ्हाईक होतात.

पान रिकामं ठेवून चालत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. रकाने कितीही नेटके आखले तरी त्यात दुसऱ्या कोणाचा संसार दिसल्याशिवाय आपला तिथे मावेल असं लोकांना वाटत नाही. त्यामुळे नमुन्याच्या आठ-दहा ओळी भराव्या लागतात, आणि त्या खऱ्या वाटाव्या लागतात.

एका हिवाळ्यात आमच्या मॅडमनी वयस्कर आईवडिलांच्या देखभालीचं पान करायला सांगितलं. मला ते सोपं वाटलं, कारण सासरे आमच्याकडेच होते. सासूबाई गेल्यावर नवऱ्याने त्यांना सांगलीहून मोहालीच्या एअरोसिटीत, आमच्या घरी आणलं होतं. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, मी ऑफिसात, मुलगी शाळेत. सासरे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. मी त्यांना पान दाखवलं तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून ते स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.

"हे शेवटचं काय? नोट्स?"

"काही जादा लिहायचं असेल तर, बाबा."

"मग शेरा म्हण. आणि रकाना रुंद कर. एवढ्याशा जागेत कोण काय लिहिणार?"

मी नाव बदललं, रकाना रुंद केला. मग म्हटलं, आठवडाभर तुम्हीच हे भरून बघा, कुठे अडतं ते मला कळेल. काम मिळाल्यासारखे ते खूश झाले. मुलीने त्यांना टॅबवर मराठी कीबोर्ड लावून दिला. "आजोबा, यहाँ क्लिक करो, फिर बोलो, वो खुद लिख लेगा," ती म्हणाली. बोलून लिहिणं त्यांना पटलं नाही. ते एका बोटाने टाइप करत.

आठवडा संपला आणि मी ते पान न वाचताच मीटिंगमध्ये उघडलं. चूक तिथेच झाली. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर सासऱ्यांच्या ओळी आल्या.

सकाळी सात, रक्तदाबाची गोळी. शेरा: घेतली.

सकाळी अकरा, बाग. शेरा: चार जण असतात. माणसं चांगली आहेत. त्यांचं पंजाबी कळत नाही. ते हसले की मीही हसतो.

दुपारी एक, जेवण. शेरा: गरम केलं नाही. एकट्यासाठी गॅस पेटवावासा वाटत नाही.

दुपारी तीन. शेरा: सांगलीच्या घरी फोन लावला. वाजतो. म्हणजे लाइन चालू आहे.

सांगलीच्या घराला तेव्हा कुलूप होतं.

मॅडम पंजाबी आहेत, पण देवनागरी वाचतात. त्यांना सगळं नाही, तरी पुरेसं कळलं असावं. मग म्हणाल्या, "ये तो बहुत रियल है यार. इसे हिंदी करके ऐसे ही रखो. जो भी बाहर रहता है, देखते ही साइन-अप करेगा." नंतर हळूच विचारलं, "किसका है?"

"सॅम्पल है जी," मी म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा सासरे चहा गाळत होते. मी म्हटलं, "बाबा, मी वाचलं."

"वाचणारच. तूच भरायला सांगितलंस ना."

"पण तुम्ही आधी कधी काही बोलला नाहीत."

"आधी रकाना कुठे होता?" ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. माझ्या हातात कप देऊन ते बातम्या बघायला गेले.

रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो आधी माझ्यावरच चिडला. त्यांना इथे काय कमी आहे, असं तो दोनदा म्हणाला. मग ते पान मागून घेतलं आणि जेवायच्या टेबलाशी बसून पहिल्या ओळीपासून वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वडिलांना विचारलं, "सांगलीला जायचंय का तुम्हाला?" ते म्हणाले, "मुलीची परीक्षा होऊ दे." म्हणजे हो.

मार्चच्या शेवटी नवरा त्यांना पोचवून आला. तिथल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत एक शिक्षक जोडपं भाड्याने ठेवलं. डबा त्यांच्याकडूनच ठरला. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. दोन्ही एकाच दिवशी.

ऑफिसात मी त्या ओळी पुसून नव्या लिहिल्या. माझ्या नव्या आजोबांना बागेत मित्र होते, ते पत्ते खेळत, दुपारी चार वाजता नातवाशी व्हिडिओ कॉल करत. मॅडम म्हणाल्या, "पहलेवाला बेहतर था." मी म्हटलं, ते नाही ठेवता येणार. पान बरं चाललं. लोक आले, बरेचसे परदेशातले. एका बाईने लिहिलं की तिची आई सगळं भरते, फक्त शेवटचा रकाना मोकळा ठेवते, तर काय करावं? तो रकाना ऐच्छिक आहे, असं ठरलेलं उत्तर मी पाठवलं. दुसरं काही लिहायला घेतलं होतं, पण ते खोडून टाकलं.

सासऱ्यांना मी पुन्हा काही भरायला सांगितलं नाही. रविवारी फोन होतो. ते घाईत असतात, कोणाकडे तरी जायचं असतं. गेल्या दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या मनगटाला प्लॅस्टर होतं. मागच्या अंगणात पाय घसरला होता, तीन आठवड्यांपूर्वी. शिक्षकांच्या बायकोला त्यांनी बजावून ठेवलं होतं, मोहालीला कळवायचं नाही. नवरा म्हणाला, "आता चला परत." ते नाही म्हणाले, आणि डाव्या हाताने चिवड्याचा डबा उघडायला लागले. भाऊबीज झाल्यावर आम्ही तिघं परत आलो.