आमच्या हौदातले माळकरी मासे

मागच्या शुक्रवारी डोंगरकडा गावातल्या आमच्या घरी माझा बोर्डाचा निकाल होता म्हणा ना! आरोग्य केंद्राच्या आशाताई हौदात मोबाइलचा टॉर्च मारून बघत होत्या आणि मी शेजारी जीव मुठीत धरून उभी...

थांबा, नीट सांगते. आमची वर्षा, म्हणजे माझी नणंद, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सातवा सरत आलेला, आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, दुपटी शिवून तयार ठेवलेली. आणि नेमकं आमच्या गल्लीत दोघांना डेंग्यू झाला.

दोघंही आता बरे आहेत, पण बातमी नांदेडला तिच्या सासरी पोहोचलीच. विहीणबाईंचा फोन आला. तुमच्या आशाताईंनी घर बघून डास-अळ्या नाहीत म्हणून सांगितलं तरच पाठवू, नाहीतर बाळंतपण इथेच. त्यांचंही काही चुकलं नव्हतं हो... पण आत्याबाई फोन ठेवून पदराने डोळे पुसत बसल्या, ते मला बघवेना.

मग मी पदर खोचला! कूलर कोरडा केला, गच्चीवरचं जुनं टायर भंगारात दिलं, कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घातल्या. फ्रिजच्या मागे एक ट्रे असतो आणि त्यात पाणी साचतं, हे मला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कळलं... खिडक्यांना जाळ्या बसल्या. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा असा धूर केला की डासांच्या आधी घरातली माणसंच बाहेर पळाली.

राहिला तो हौद. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे वापरायच्या पाण्याचा हौद उपसून टाकायचा कसा? त्यावर आशाताईंनी बरणीभर गप्पी मासे आणून दिले. हे हौदात सोडायचे, ते डासांच्या अळ्या खाऊन टाकतात. फुकट आणि बिनत्रासाचं काम!

बिनत्रासाचं कसलं... आमचे मामा, म्हणजे सासरे, पक्के माळकरी. वाटेतली मुंगीसुद्धा चुकवून पाय टाकणारा माणूस. "आपल्या घरात मासळी?" मी म्हटलं, मामा, खायची नाही, नुसती पाळायची. "अन् ती काय खाणार?" अळ्या. "म्हंजे जीवच की!"

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मी वर्षाचं नाव काढलं, तेव्हा कुठे मान हलवली.

तर त्या शुक्रवारी, मासे सोडून आठ दिवस झाल्यावर, आशाताई तपासायला आलेल्या. टॉर्चच्या उजेडात मासे दिसले, चांगले गुटगुटीत. आणि त्यांच्या नाकासमोर अळ्या खुशाल वळवळत होत्या! "मासे तर धडधाकट हायत. मंग अळ्या काहून खाऊन न्हाई राहिले?" आशाताईंनाच कळेना.

वर्षाचे दोन मिस्ड कॉल पडले होते, तिला काय सांगू? मासेच खराब निघाले असं मी म्हणणार, तेवढ्यात हौदाच्या कडेला कणीक चिकटलेली दिसली. मी मामांकडे बघितलं... मामा टोपी सारखी करायला लागले.

"रोज पूजा झाली की चार गोळ्या टाकतो," ते हळूच म्हणाले. "पोट भरलेलं असलं तर कशाला कुणाचा जीव घेतील, म्हणलं."

आशाताईंनी कपाळावर हात मारला. "अवो मामा, मासळीला माळकरी करून राहिले का तुमी!"

मी हसून हसून खाली बसले. पण आत्याबाई हसल्या नाहीत. "मासळीच्या पोटाची एवढी काळजी... अन् माझं लेकरू तिकडं वाट बघून राहिलं, त्याचं काय?" मामांनी त्या दिवसासाठी आणलेली कणकेची गोळी परत ताटलीत ठेवली.

आशाताई पुढच्या शुक्रवारी परत येते म्हणाल्या. कणीक बंद झाली. मामा मात्र रोज सकाळी हौदाशी जाऊन बसायचे, आणि मला आपली धाकधूक... हे पुन्हा काही टाकत तर नाहीत ना?

बुधवारी एकादशी होती. मी धुण्याची बादली घेऊन मागे गेले, तर मामा हौदावर वाकून माशांशी बोलत होते. "माझा उपास हाय आज. तुमी जेवा बाबांनो, पोटभर जेवा... माझी लेक यायची हाय."

मी बादली तिथेच ठेवली आणि आल्या पावली मागे फिरले. डोळे भरून आले हो!

आणि काल... काल टॉर्च मारला तर एक अळी नाही! आशाताईंनी दोनदा बघितलं, मी चारदा बघितलं. नांदेडला फोन मामांनीच लावला.

आज दुपारी वर्षा आली!! चहाबरोबरची चपाती हातात घेऊनच हौदातले मासे बघायला गेली, आणि तुकडा मोडून टाकणार तोच मामांनी तिचा हात धरला. "नको माय. त्यांना त्यांचं खाऊ दे." बापलेक एका मातीचे!

आता ती मच्छरदाणीत गाढ झोपली आहे आणि मी हे लिहितेय. जन्मभर मुंगी वाचवत चाललेल्या माणसाने लेकीसाठी हे पाप आपल्या माथी घेतलं... मामा, त्याची फेड म्हणून तुमच्या वाटच्या महिन्याच्या दोन एकादश्या आता मी धरीन.