वन्संनी अडवलेला स्लॅब

ये गो बाय, अशी जवळ ये. लग्नघरातल्या या गर्दीत लांबून हाका मारून कधी गप्पा होतात का? आणि तो फोन आधी खाली ठेव. नवी जागा घेतलीस, फरशीचा रंग सांगितलास, ओट्याचा दगड सांगितलास, गॅलरीतून डोंगर दिसतो तेही सांगितलंस. पण ती गॅलरी ओतताना कुणी बघितली, हे विचारलंस का कुणाला? नाही ना? शहाणी माझी! आता मुकाट्याने ऐक. माझ्या नणंदेची ही गोष्ट तुला सांगायची राहूनच गेली आहे.

पंच्याऐंशीच्या आगेमागे असेल. माझं लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं. नणंद माझ्याहून लहान, पण रीतीप्रमाणे मी तिला वन्संच म्हणायचे आणि तोंडावर अहो-जाहो करायचे. रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत ती अनुरेखक होती. म्हणजे काय, तर दुसऱ्याने काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईने जसाच्या तसा गिरवायचा. दिवसभर तेच. घरी यायची तर बोटं काळी. जेवताना म्हणायची, "वहिनी, आज अख्खं घर गिरवलं, पण ते आहे कुठे ते काही मला ठाऊक नाही."

तिला बांधकाम तपासनीस व्हायचं होतं. त्याची परीक्षा असे. लेखी ती पास झाली. राहिलं प्रात्यक्षिक. खऱ्या बांधकामावर जायचं, परीक्षकासमोर तपासायचं, आणि काम पुढे जाऊ द्यायचं की थांबवायचं ते सांगायचं. तिच्या साहेबांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, की बाईमाणसाला ही संधी एकदाच; हुकली तर निवृत्त होईपर्यंत नकाशेच गिरवा.

तेव्हा तिच्यासोबत सासूबाईंनी मला धाडलं. "तिथे सगळे गडी असणार, आणि ही म्हणे शिडी चढणार. तू खाली उभी राहा, आणि ती पडली तर धर." मी कशी धरणार होते देव जाणे.

शिरगावच्या बाजूला एक घर उठत होतं. भिंती आपल्या जांभ्या चिऱ्याच्या, पण वर कौलं नाहीत, स्लॅब. आणि पुढच्या अंगाला गॅलरी. त्या वाडीत तोवर सगळी कौलारू घरं, गॅलरी ही पहिलीच. मालक मुंबईला नोकरीला, रजा काढून आलेला. स्लॅबचा दिवस म्हणजे कार्यच असे तेव्हा! परसात चुलीवर कोंबडीचा रस्सा रटरटतोय, बायका वडे थापतायत, वाळू-खडीच्या ढिगाशेजारी घमेली मांडलेली. मी आत गेले तर छताला टेकू दिलेल्या वाशांचं नुसतं रान. बाहेरच्या फळकुटावरून वर चढून पाहिलं तर सगळीकडे लोखंडी सळयांचं जाळं, चौकटी-चौकटींचं, तारेने बांधलेलं. मला वाटायचं स्लॅब म्हणजे सिमेंटची लादी. तिच्या पोटात एवढं काही असतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

परीक्षक कोल्हापूरचे. उंच, मितभाषी, डोक्यावर टोपी. वन्सं पुढे, ते मागे. तिने पदर खोचला आणि एकेक टेकू हाताने हलवून पाहिला. एक भुसभुशीत मातीवर उभा होता, त्याच्याखाली फळी घालायला लावली. सळयांमधलं अंतर मोजलं, तारेच्या गाठी ओढून पाहिल्या. आणि सळई खालच्या फळ्यांना चिकटलेली नाही ना, हे वाकून, गाल जवळजवळ लोखंडाला टेकवून बघितलं. घरी आमटीत मीठ आहे की नाही हे न कळणारी मुलगी ती! आणि इथे तिची नजर कुठे म्हणून सुटत नव्हती.

शेवटी म्हणाली, "हरकत नाही, सर. ओतायला घेऊ दे."

परीक्षकांनी लिहून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला.

मग पूजा. मालकाची आई हळदकुंकवाचं ताट घेऊन वर निघाली, तिच्यामागे सुना, जावा, शेजारणी, पोरंटोरं. गॅलरी पूर्वेकडे, म्हणून नारळ तिथेच वाढवायचा, आणि नारळ वाढवताना सगळ्यांना बघायचं. निम्मी वाडी त्या गॅलरीच्या सळयांवर उभी राहिली. गजर झाला, खोबरं वाटलं, सगळे हसत खाली उतरले. गड्यांनी सिमेंट-खडीचा माल कालवायला फावडी उचलली. परीक्षक जीपकडे निघाले.

वन्सं माझ्याशेजारी चहा पीत होती. तिने सहज वर गॅलरीकडे बघितलं, मघाची तिथली गर्दी तिला आठवली असावी, आणि कप तसाच जमिनीवर ठेवून ती पुन्हा फळकुटावरून वर गेली. वरूनच हाक मारली, "सर, थांबा. माल वर आणू नका कुणी!"

परीक्षक माघारी आले. "आता काय राहिलं? तुमचं तपासून झालं की."

"झालं होतं. पण गॅलरीच्या सळया दबल्यात, सर. वरच्या होत्या त्या खाली बसल्या."

मालक तिरीमिरीत पुढे आला. "अवो बाई, मघाशी हो म्हनलात, आता नाय म्हनता? कामगार उभे हायत, जेवान तयार हाय, मला उद्या गाडी गाठायचीय! सळई वर काय नि खाली काय, हाय ना आत?"

वन्सं खाली उतरली. पाण्याने भरलेली बादली उचलून त्याच्यासमोर धरली. "हात सरळ पुढे करा. ही धरा. वाकवायचा नाही हं हात."

त्याने धरली. क्षणात हात थरथरायला लागला.

"कुठे ओढतंय?"

"हितं. वरल्या अंगाला. खांद्यात."

"तुमची गॅलरी म्हणजे हाच हात. पुढे खांब नाही, नुसती भिंतीतून बाहेर आलेली. ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून सळई वरच हवी. खाली असली तर आज काही होणार नाही. पण लग्नकार्याला पाच-पंचवीस माणसं तिथे उभी राहिली की..." 

मालकाने बादली खाली ठेवली. त्याची आई रडवेली झाली. "म्हंजे गो, देवाचं केलं ता वायट केलं आमी?"

"नाही हो आजी. देवाचं केलंत ते बरंच केलंत. फक्त सगळी एकदम उभी राहिलात."

"आमचं वजन काढते बघा!" एक जाडजूड शेजारीण म्हणाली, आणि एवढ्या ताणातही सगळी खो खो हसली.

परीक्षक मात्र हसले नाहीत. टोपी काढून त्यांनी विचारलं, "बाई, आधी हो म्हणालात ते मी लिहिलंय. आता त्याच्याखाली हे लिहायचं? विचार करा. परीक्षा तुमची आहे."

 गप्प राहिली असती तरी चाललं असतं गो! ओतून झाल्यावर आतलं कुणाला दिसणार होतं?

"दोन्ही लिहा, सर," ती म्हणाली. "एकदा माल पडला की त्या सळया पुन्हा कुणालाच दिसायच्या नाहीत. शेवटचं बघणारी मीच आहे."

अंगावर काटा आला माझ्या. आपण घरात निर्धास्त झोपतो, भिंतीला टेकतो, पोरांना गॅलरीत खेळायला सोडतो, ते कुणाच्या तरी अशा बघण्यावर. आपण ते बघणारं माणूस पाहिलेलं नसतं, आणि त्याने काय बघितलं तेही आपल्याला कधी दिसत नाही. माझ्या घरातली ती मुलगी मला त्या घटकेला फार मोठी दिसली.

परीक्षक स्वतः वर गेले. बुटाने सळई दाबून पाहिली, आणि खाली येऊन खडीच्या ढिगावर बसले. गड्यांनी सळयांना खालून आधार द्यायला लोखंडाचे नवे वाकडे तुकडे कापले, गॅलरी वर उचलून बांधली. उन्हं कलल्यावर ओतायला सुरुवात झाली. तोवर त्या फळकुटाशी मालकाची आईच पहाऱ्याला बसली होती, "कोन पाय ठेवतो बघते!" म्हणत. परीक्षक शेवटपर्यंत थांबले, पंगतीला बसले, पण पास की नापास, चकार शब्द काढला नाही.

पुढे कितीतरी दिवस घरात कुणी तो विषय काढेना. मग एका दुपारी वन्सं वेळेआधीच घरी आली. उंबऱ्यातच उभी. म्हणाली, "आई, मी तपासनीस झाले. शेरा असा आहे, की स्वतःचं मत बदलायला कचरत नाही."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातला एक खडा बाहेर टाकून म्हणाल्या, "म्हणजे आता रोज लोकांच्या घरांवर चढणार?"

"हो."

"मग साडी घोट्याच्या वर नेसत जा. पायात येईल." आणि पदराने डोळे पुसले.

तर बाय, वन्सं आता सेवानिवृत्त होऊन आमच्याकडेच असते. गुडघे दुखतात, तरी कुठे फळ्या ठोकल्याचा आवाज आला की खिडकीशी जाते. तुझ्या जागेचे कागद तिला दाखवायला आण, आणि नाही आणलेस तरी चालेल, तू घरी ये. ओले काजू निघालेत, उसळ करते. पण दिवाळीत बघू, सुट्टीत बघू असं नको. लवकर ये.