सागरच्या लॅपटॉपमध्ये उरलेला फोटो

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. मी गाडी अमावास्येला घेतली, कारण त्या दिवशी शोरूमला गर्दी नव्हती. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना टाइमपास म्हणून वाचतो आणि निम्म्यांना मनातल्या मनात 'चल, काहीही फेकतो' म्हणतो. तेव्हा तुम्ही मलाही तसंच म्हणालात तर राग नाही. पण हे कुठंतरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहितोय.

मी कारेगावला राहतो. रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयटी डिपार्टमेंटला आहे. डिपार्टमेंट म्हणजे मी आणि माझं न ऐकणारा एक प्रिंटर. कंपनीचे जुने कॉम्प्युटर विकायला काढले की त्यातला डेटा पुसायचं काम माझ्याकडं असतं. लोकांना वाटतं डिलीट केलं की झालं. अहो, डिलीट केलेली फाईल फक्त दिसेनाशी होते, ती आत तशीच पडून असते. कुणीही फुकटचं सॉफ्टवेअर टाकून ती परत काढतो. नीट पुसायचं म्हणजे अख्ख्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहून काढायची. त्याला वाइप म्हणतात. एकदा वाइप झालं की विषय संपला. मग ब्रह्मदेव आला तरी त्यातून काही निघत नाही... असं मी सगळ्यांना सांगायचो.

माझा धाकटा भाऊ सागर. आमचं गाव केंदूर, पण तो कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता, म्हणून दौंडला भाड्यानं खोली घेऊन राहायचा. त्याची बायको अश्विनी, माहेर दौंडचंच. तिथंच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. गुणी पोरगी, पण तोंडानं फटकळ. सागरला तर एका वाक्यात गप्प करायची आणि तो हसत बसायचा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून सागरची गाडी आदळली. ट्रॉलीला ना लाइट, ना रिफ्लेक्टर. यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

दहावा केंदूरला घाटावर केला. आमच्याकडं दहावा म्हणजे मांडव, माईक, प्रवचन, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. एकानं तर भावाचं नाव सागरच्या जागी सचिन घेतलं. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, खाली बघतायत, पण येत नाहीत. मग नेहमीप्रमाणं एकेक जण पुढं होऊन हात जोडून कबूल करायला लागला. मी म्हणालो, आईआप्पांची काळजी करू नको. मामा म्हणाले, तुझ्या कंपनीतले पैसे अश्विनीच्याच नावावर करू. काही नाही. शेवटी आप्पा, म्हणजे आमचे वडील, पुढं झाले. सगळ्या गावासमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "सागर, तुझ्या बायकूला लेकीवानी सांभाळीन. ह्या घरातनं तिला कुठंबी जाऊ देणार न्हाई. ह्यो माझा शब्द."

ते म्हणाले आणि झाडावरचे सगळे कावळे उडून गेले. मला त्यात काही वाटलं नाही. सकाळपासून घाटावर आणखी दोन दहावे झाले होते, पोटं भरली असणार. ऊन वाढलं तसं गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक उठले.

आप्पांनी शब्द पाळला मात्र. अश्विनीचे आईवडील तिला न्यायला आले तर चहा पाजून परत पाठवलं. "आमची सून हाय, आमच्याकडंच ऱ्हाईल." आप्पा वाईट माणूस नाही हो. त्यांना खरंच वाटत होतं की ते मुलाचं ऐकतायत. पण पंचविशीची पोरगी, नोकरी सुटलेली, दिवसभर आईबरोबर स्वयंपाकघरात. गावात कुणाचं हळदीकुंकू असलं की आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसायची. ती फटकळ पोरगी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलायला लागली. मी रविवारी जायचो तेव्हा मला तिच्याकडं बघवायचं नाही.

दौंडची खोली सोडली तेव्हा सामानाबरोबर सागरचा लॅपटॉप घरी आला होता. गावातल्या मास्तरांनी लेकीच्या कॉलेजसाठी तो मागितला. आप्पा म्हणाले, देऊन टाकू, नजरेसमोर नको. अश्विनीनं तिला हवे ते फोटो मोबाईलमध्ये घेतले आणि मला हळूच म्हणाली, "दादा, त्यात आमच्या दोघांचं बरंच काही आहे. आधार, बँकेचं... आणि फोटोही. कुणाच्या हाती लागायला नको. नीट पुसा." गावात तरण्या विधवेचा एक फोटो फिरला तरी काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हणालो, तू बिनधास्त रहा, हे माझं रोजचं काम आहे.

रविवारी सकाळी ओसरीवर बसून पेनड्राइव्ह लावला आणि वाइप सुरू केलं. दुपारी जेवणं होईस्तोवर झालं. 'पूर्ण' असा मेसेज आला. पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉप बंद करून चालू केला. आता काय दिसायला हवं? काळी स्क्रीन आणि 'सिस्टिम सापडत नाही' एवढी एक ओळ.

सागरचं नाव आलं. मग सागरचा डेस्कटॉप. त्याचे शिफ्टचे फोल्डर, सिनेमे, गोव्याचे फोटो, सगळं जिथल्या तिथं.

मी स्वतःलाच शिव्या घातल्या. वेंधळ्या, पेनड्राइव्हच पुसला असशील! बघितलं तर पेनड्राइव्ह ठीक. नेट जोडलेलंच नव्हतं, म्हणजे ऑनलाइन कुठून परत येण्याचाही प्रश्न नाही. मग लॅपटॉप खोलून डिस्क कंपनीत घेऊन गेलो. तिथल्या मशीनला लावून वाइप केलं आणि नंतर तपासलंही. शून्यं. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं, दुसरा एक आकडा नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पुढच्या रविवारी डिस्क परत बसवली आणि सगळ्यांदेखत लॅपटॉप चालू केला. सागरचं नाव आलं... पण या वेळी आत सगळं रिकामं होतं. फोल्डर नाहीत, सिनेमे नाहीत. निळ्या स्क्रीनच्या मधोमध एकच फोटो. अश्विनीचा. लाल साडी, मागं स्टुडिओचा पडदा, शेजारी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, आणि ती ओठ दाबून हसू आवरतेय.

अश्विनी दारात उभी होती. ती म्हणाली, "हा इथं कसा? हा तर लॅपटॉपमध्ये नव्हताच. लग्नाआधीचा आहे, बाबांनी बायोडेटाबरोबर सगळीकडं पाठवला होता तो."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, बास झालं. कंपनीत जी डिस्क दाद देत नाही तिला आम्ही ड्रिलनं भोकं पाडतो. हिलाही पाडतो आणि मास्तरांना नवी डिस्क घालून देतो. मी घरातलं ड्रिल आणायला उठलो, तर आईनं माझा हात धरला.

"भोकं पाडतू? त्याच्या वस्तूला?"

"आई, मशीन आहे ते. बिघडलंय."

"न्हाई बिघडलं." आई स्क्रीनसमोर खाली बसली. कितीतरी वेळ त्या फोटोकडं बघत राहिली. मग आप्पांकडं न बघताच म्हणाली, "अवं, ह्यो फोटू कवा दाखवत्यात? स्थळ बघताना. समदं पुसू दिलं त्यानं, आन् एवढंच ठिवलं. तुम्ही घाटावर काय बोलला, आठवा. त्याला ते नकू हुतं. म्हून कावळा शिवला न्हाई."

आप्पा भडकले. "खुळी झाली का काय! मेलेलं माणूस असं सांगतंय व्हय?"

"मग तुम्ही सांगा, ह्यो फोटू कुठनं आला?"

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं, शिकलेला मुलगा काहीतरी कारण देईल. माझ्याकडं काही असतं तर दिलं नसतं का?

आप्पा उठून आत गेले. मला वाटलं, रागानं गेले. पण ते टोपी घालून परत आले. घाटावर घातली होती तीच पांढरी टोपी. गुडघे दुखत असताना मांडी घालून लॅपटॉपसमोर बसले आणि हात जोडले. एरवी मला हसू आलं असतं.

"सागर," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज घाटावरच्यासारखा खणखणीत नव्हता, "चुकलं बाबा माझं. त्यो शब्द मी माघारी घेतो. पोरीला अडवणार न्हाई. तिनं हू म्हणलं तर माझ्या हातानं तिचं लगीन लावून दीन. लेक म्हणलोय तर लेकीवानी सासरी धाडीन."

तेवढ्यात अश्विनी फाडकन बोलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढवून. "घाटावर तुम्हीच ठरवलं, आता इथंही तुम्हीच ठरवताय! मला कुणी विचारलंय का? त्यांनी तरी विचारलं का मला, जाताना?" आणि ती तिथंच उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडायला लागली. दहाव्याला ती रडली नव्हती. आईनं जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. आप्पा नुसतं म्हणत राहिले, "तुझ्या मनावर पोरी, तुझ्या मनावर."

मी पुन्हा पेनड्राइव्ह लावला. तोच पेनड्राइव्ह, तेच सॉफ्टवेअर. वाइप चालू असताना कुणी उठलं नाही, कुणी टीव्ही लावला नाही. ऊन उतरायच्या सुमाराला 'पूर्ण' असं आलं. मी लॅपटॉप बंद करून चालू केला.

काळी स्क्रीन. 'सिस्टिम सापडत नाही.'

मला हुश्श व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. आईनं विचारलं, "गेला?" मी मान हलवली. ती म्हणाली, "परत एकदा लावून बघ की... आसंल कुठंतरी." मी परत लावला. आणखी एकदा लावला. ती सांगत गेली तसा मी बंद-चालू करत राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की आपलं काम फसावं. नाही फसलं.

मास्तरांची लेक तो लॅपटॉप वापरते. एकदाही कसली तक्रार नाही. अश्विनी महिनाभरात दौंडला गेली, पुन्हा लॅबमध्ये लागली. लग्नाचं तिनं बरेच दिवस कुणाला बोलू दिलं नाही. आत्ता मागच्या वैशाखात केलं, स्वतः बघून, स्वतः ठरवून. माणूस चांगला आहे, तिचं बोलणं ऐकून हसतो. आप्पांनी कबूल केल्याप्रमाणं मुलीच्या बापाच्या शेजारी पाटावर बसून कन्यादानाला हात लावला. भावकीतले दोघं-तिघं आले नाहीत. आप्पा म्हणाले, न्हाई तर न्हाई.

आता तुम्ही विचाराल, डिस्कमध्ये नेमकं काय झालं होतं? जुन्या कंपनीतल्या सीनियरला विचारलं, तो म्हणाला तू भलतीच डिस्क पुसली असशील. नंबर जुळवून पाहिला होता मी. आणि जो फोटो त्या लॅपटॉपवर कधी नव्हताच, तो कुठून आला? मला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्यानं खाली लिहावं, मी मनापासून वाचीन, जेवताना नाही.

लग्नानंतर अश्विनीची गाडी गेल्यावर आम्ही मांडवाबाहेर उभे होतो. आई माझ्या दंडाला धरून इतक्या हळू बोलली की आप्पांना ऐकू जाऊ नये.

"मी त्या दिशी बोलले नसते," ती म्हणाली, "तर आजून थोडं दिवस ऱ्हायला असता का रं त्यो?"