उलटा शिक्का

कामिनोसे वाडीत घरं पंधरा, पण कुणालाही विचारलं तर तो चौदाच सांगायचा. ही मोजणी तोकिए आजीने घालून दिली होती, आणि आजीने घालून दिलेलं मोडायची कुणाची छाती नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी ती खिंड ओलांडून पायी इथे सून म्हणून आली. अडतिसाव्या वर्षी देवदार तोडताना नवरा झाडाखाली सापडला. त्याची राख निवायच्या आत ती ओढ्यावरून नळाचे पाइप खांद्यावर वाहून आणत होती, कारण त्या आठवड्यात पाळी तिच्या घराची होती. वाडीत बाळंतपण असो की मयत, तिची मोठी लोखंडी कढई निघायचीच. अळकुड्यांचं सूप ढवळता ढवळता ती एकेकाची उणीदुणी काढायची, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय कुणाच्या वाटीत काही पडायचं नाही. तिची सून सातोमी चाळीस वर्षं त्या कढईजवळ उभी होती. तिने वाट्याही धुतल्या आणि बोलणीही खाल्ली.

पण आजीचं खरं नाव झालं ते पाटीमुळे. वाडीत एक पाटी घरोघर फिरते. पाण्याचा पाट साफ करायची तारीख, कुणाचं लग्न, कुणाचं मयत, असे कागद तिला लावलेले असतात. ते वाचायचे, घराच्या नावाचा शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घरी द्यायची. पूर्वी लोक ती दाराशी टेकवून निघून जात. चौतीस वर्षांपूर्वी, बर्फाच्या दिवसांत, एकट्या गेंझोच्या दाराशी पाटी अकरा दिवस पडून राहिली, आणि आत गेंझोही. त्याला अंघोळ आजीनेच घातली. मग तिने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "यापुढे पाटी हातात द्यायची. तोंड बघायचं, चार शब्द ऐकायचे, मग निघायचं."

त्यानंतर कामिनोसेत कुणी एकटं मेलं नाही. तालुक्याच्या गावाहून तसं मानपत्र आलं. ते सभाघरात काचेत लावलेलं आहे.

त्याच पाटीवर तीन वर्षांनी एक विरोधाचा अर्ज फिरला. वरच्या डोंगरात शहराचा कचरा पुरायचा घाट घातला होता. तेव्हा वाडीत घरं एकेचाळीस होती; सगळ्यांनी शिक्के मारले, त्यातला एक उलटा होता. तोंडावर नाही म्हणायची सोय नसली की या मुलखात माणूस शिक्का उलटा मारतो, आणि समोरचा समजून घेतो. तो शिक्का कुमेच्या घराचा होता. कुमे रडून सांगत राहिली की मुळे मिठात घालत होते, हात ओले होते, घाईत चुकून लागला. आजी म्हणाली, "चाळिशीची बाई शिक्का उलटा कसा मारेल?"

कचऱ्याचा खड्डा झालाच. झऱ्याचं पाणी तांबूस झालं, त्याला वास यायला लागला. जमीन विकणारा मालक शहरात राहत होता, हे पुढे सगळ्यांना कळलं. पण शहरातल्या माणसाला वाडीने काय करायचं? कुमे हाताशी होती. तिच्या घराला वाळीत टाकलं. आग लागली तर आणि मयत झालं तर जायचं, बाकी ओळख नाही. पाटी सातोमीच्या घरून कुमेकडे आणि तिथून वाडीप्रमुख इवाशिताकडे जायची, ती आता सरळ इवाशिताकडे जाऊ लागली. कुमेचा नवरा वारला तेव्हा आजी कढई घेऊन गेली, दोन दिवस सगळ्यांना जेवू घातलं, कढई घासून परत आणली. तिसऱ्या दिवशी कुमे आभार मानायला दाराशी आली, तर आजीने दार उघडलं नाही. आतून कडी धरून सातोमी उभी होती.

या मार्चात आजी अंथरुणाला खिळली, तरी पाटी आली की शिक्का मीच मारणार हा हट्ट सुटला नव्हता. त्या दिवशी तिने पडल्या पडल्याच शिक्का दाबला आणि सातोमीने वाकून पाहिलं.

"आई, उलटा लागला. दुसरा कागद मागू का?"

आजीने कागद डोळ्यांजवळ नेला. किती तरी वेळ तिने तो खाली ठेवला नाही.

"ती म्हणाली होती, चुकून लागला," आजी म्हणाली. "पाटी कुमेकडे ने. हातात दे तिच्या."

सातोमी पाटी घेऊन निघाली ती वळणापर्यंत. तिथून कुमेचं छप्पर दिसतं आणि इवाशिताची खिडकीही. तिचे पाय इवाशिताकडे वळले. आधी वाडीप्रमुखाला विचारावं, असं तिने मनाशी म्हटलं, पण खरं म्हणजे ती घाबरली होती. इवाशिता म्हणाला, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याचं काय घेऊन बसलात, पाटाची सफाई होऊ दे, मग बैठकीत विषय काढू. सातोमीने मान डोलावली.

पुढचे चार दिवस आजी सकाळी डोळे उघडले की एकच विचारायची, "दिलीस का?"

"दिली," सातोमी म्हणायची.

शेवटच्या सकाळी तिने विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"बरं वाटलं म्हणाली. तुम्हाला जपायला सांगितलंय."

आजीने डोळे मिटले. चेहरा इतका निवांत झाला की सातोमीला स्वतःची किळस आली. दुपारी आजी गेली.

वाडीच्या भोंग्यावरून मयताची वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा घरं लोटली. कढई सातोमीने चढवली. इवाशिताची बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, "बघा, मयतालासुद्धा नाही आली. एवढं विष मनात." सातोमी वाट्या मांडत राहिली. तिला सुटल्यासारखंच वाटलं होतं, कारण कुमे आली असती तर पाटीचं खोटं उघडं पडलं असतं.

आणखी तीन दिवसांनी आजीच्या नावाने वाडीचे आभार मानणारा कागद पाटीला लावून सातोमी कुमेकडे गेली. या वेळी ती वळणावर थांबली नाही. हाक मारली, उत्तर नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

कुमे दारातल्या पायरीवर कलंडलेली होती. अंगात मयताचा काळा पोशाख, केस नीट बांधलेले, मनगटात जपमाळ. एका पायात चप्पल होती, दुसरी हाताशी पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, मयताच्याच सकाळी. ती यायला निघाली होती. शेवटचं तिला कुणी आणि कधी पाहिलं, असं पोलिसाने विचारलं. 

कुमेला अंघोळ सातोमीने घातली. थंडीमुळे शरीर अजून ताठच होतं, दंडावरून काळी बाही काढायला फार वेळ लागला. तिने कुणाला मदतीला बोलावलं नाही.

आठवड्याने पाटी फिरली. इवाशिताने सुबक अक्षरात लिहिलं होतं, की कुमेबाई शेजाऱ्यांच्या देखरेखीत शांतपणे गेल्या, वाडीची चौतीस वर्षांची परंपरा कायम आहे. तेरा घरांचे शिक्के एका ओळीत, सगळे सरळ. शेवटचं घर सातोमीचं.

तिने शिक्का डबीतून काढला. वरची बाजू कळावी म्हणून त्याला एक खाच असते. ती तिने बोटाने चाचपली, शिक्का फिरवला आणि जोर देऊन दाबला. शाई वाळेपर्यंत थांबली. मग इवाशिताकडे जाऊन पाटी त्याच्या हातात दिली.

त्याने कागद पाहिला. "वहिनी, घाईत उलटा लागला वाटतं."

"नाही," सातोमी म्हणाली. "हात कोरडे होते माझे."