उभं पान, झोपलं पान आणि गाडीची चावी

बी.एस्सी.ला मी कमळाची आकृती इतकी सुरेख काढली होती, की मी तळ्यातलं कमळ जवळून कधी पाहिलंच नाही, हे वीस-बावीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी नवऱ्याला म्हटलं, जाऊन येऊ. तो निमूट निघाला, कारण वाटेत आंजीला तर्री-पोहे मिळतात.

सिंदी मेघेहून आंजीपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे तळ्याकडे वळलात की गाडी सावकाश न्या. पोहे वीस रुपये प्लेट, तर्री मागाल तितकी. पोटभर खाऊन निघा, पुढे काही मिळत नाही.

काठाजवळ कमळाची पानं जाड, काटेरी देठांवर पाण्याच्या वर हातभर उभी होती. आत खोलात तीच पानं पाण्यावर सपाट पसरलेली. तिथले देठ लांब नि मऊ, कारण पानाचा भार पाणीच उचलतं. पाणी चढलं की देठही वाढतो. धुण्याच्या दगडाच्या टोकावर उभी राहून मी हे नवऱ्याला समजावत होते. हातात मोबाइल, बोटात चाव्यांचा जुडगा. फोटो निघाला आणि जुडगा पाण्यात.

गाडीची दुसरी चावी घरी कपाटात होती. कपाटाची चावी त्या जुडग्यात.

दगडापुढेच उथळ संपून खोल सुरू होत होतं. जुडगा कुठे पडला यावर आमचं एकमत होईना. एवढ्यात शिंगाडे काढणाऱ्या कांताबाई टोपली घेऊन काठावर आल्या. चावी पडल्याचं ऐकून त्यांनी जागा विचारलीच नाही.

"उभ्या पानापाशी पडली का झोपल्या पानापाशी?"

का, असं मी विचारलं.

"उभ्यापाशी गुडघाभर पाणी, हे भाऊ काढतीन. झोपल्यापाशी असन तं चावी तळ्याची."

मी शेवटचा फोटो उघडला. तिरपा, हललेला, हवेत जुडगा आणि बरोबर त्याच्याखाली सपाट पान. कांताबाईंनी पदराला हात पुसून फोटो मोठा करून पाहिला.

"झोपलंच हाय. पण हे लेकरू हाय, ताई. कडेची कोर अजून उलगडली नाई. लेकरू उथळातबी झोपते."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "मी सकाळची भिजून राह्यली, आता तुमी भिजा."

पँट गुडघ्यावर दुमडून नवरा उतरला. उभ्या पानांच्या काटेरी देठांनी त्याच्या पोटऱ्या ओरबाडल्या. तिसऱ्या चाचपणीत जुडगा हाती आला, चिखलाने माखलेला. आम्ही कांताबाईंकडून किलोभर शिंगाडे घेतले. दोन किलो घ्यायला हवे होते.

रिमोट तेव्हापासून बंद आहे. गाडीचं दार चावी फिरवूनच उघडावं लागतं.

संध्याकाळी त्याच्या पोटऱ्यांना खोबरेल लावत होते. त्याने विचारलं, "हे परीक्षेला आलं होतं?"

"पाच मार्कांना. साडेचार मिळाले."

"अर्धा कशाचा गेला?"

माझ्या आकृतीत उथळातली सगळी पानं उभी होती. मी तेलाचा हात जरा हलका केला.

"लेकराचा," म्हटलं.