थांबा सिस्टर

तिचं काम पेशंटला नीट घरी पाठवायचं, आणि नाव पडलं होतं थांबा सिस्टर. डॉक्टरांनी सही केली, नातेवाइकांनी पिशव्या भरल्या, की ही नेमकी दारात आडवी.

त्या दिवशी बुकबाइंडर काका निघाले होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पाय सावरले, पण गिळणं अजून कच्चं होतं. साधं पाणी घशाऐवजी छातीत उतरायचं, म्हणून त्यात पावडर कालवून दाट करून द्यायचं. काकूंना हे वॉर्डातल्या तिघांनी सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली होती.

"काकू, एक ग्लास करून दाखवा," सिस्टर म्हणाली.

काकूंनी चिमूटभर पावडर टाकून चमचा फिरवला. पाणी होतं तसंच पातळ. सिस्टरच्या डोक्यात तिडीक गेली; काकूंवर नव्हे, त्या तिघांवर. सांगून सगळे मोकळे झाले होते, करून कोणीच घेतलं नव्हतं.

खाली जावई गाडीचा भोंगा वाजवत होता, वर डॉक्टर खाटेसाठी घायकुतीला आले होते. तिने कोणालाच दाद दिली नाही. बरेच ग्लास बिघडले, तेव्हा एकदाचं जमलं. काकांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"जन्मभर पुस्तकांना खळ लावली. आता प्यायचीही?"

काकू हसल्या. सिस्टरला हसू आलं नाही. घरी जाणं दुसऱ्या दिवसावर गेलं आणि डॉक्टरांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

आठवडा उलटायच्या आत काका परत आले. छाती भरलेली, अंगात फणफणून ताप. सिस्टर तरातरा काकूंकडे गेली. काकूंचे डोळे रडून रडून सुजले होते. पाणी दर वेळी दाटच केलं, लेकीलाही हात लावू दिला नाही, म्हणाल्या. पण हेच पहाटे उठून नळाला तोंड लावायचे.

ताप उतरल्यावर काकांना चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवून सिस्टर त्यांच्याजवळ बसली. तरी आधी विचारलं, "असं का केलंत?"

"पहाटे घशाला कोरड पडते. हिचा तेव्हा कुठे डोळा लागलेला असतो. हाक मारवत नाही."

तिला स्वतःचाच राग आला. इतक्या सूचना दिल्या, पण तहान कधी लागते हे काकांना विचारायचंच राहिलं होतं. रात्री उशाशी एक दाट ग्लास झाकून ठेवायचा, एवढीच तर गोष्ट.

डॉक्टर दारातूनच म्हणाले, "ही खाट उद्या मिळेल ना?"

"परवा," ती म्हणाली, आणि काकूंना बोलवायला उठली.