किमसाहेबांचं न बोलणं

"तुमचं वय किती?" किमसाहेबांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, तेही नावाच्या आधी. कोरियाहून मशिनं बसवायला आलेले हे इंजिनिअर, आणि नाशिकच्या त्या कारखान्यात मी नुकतीच लागलेली दुभाषी. मी कपाळाला आठी घालूनच आकडा सांगितला. ते ओशाळले. "वय कळल्याशिवाय तुमच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचं तेच ठरत नाही हो. आमच्यात मोठ्या माणसाला क्रियापदसुद्धा वेगळं लागतं."

असा बेधडक माणूस कामाचं मात्र सरळ विचारायचा नाही. बैठकीत त्यांचे कोरियन वरिष्ठ "काही शंका?" म्हणाले, की हे वहीत डोकं खुपसून गप्प. नंतर चहाला माझ्याजवळ यायचे. "जेवलात का?" पासून सुरुवात, आणि बऱ्याच वेळाने मुद्दा. "सगळ्यांसमोर विचारलं तर साहेबांनी नीट सांगितलं नाही असा अर्थ होतो," म्हणायचे. "समोरच्याचं आपण ओळखायचं असतं."

एकदा मात्र बैठकीत त्यांनी तोंड उघडलं. "तीन नंबरच्या प्रेसचा थांबतानाचा आवाज जरा वेगळा वाटतो का?" मी शब्दाला शब्द मराठीत सांगितलं. आमचे मॅनेजर म्हणाले, "नाही बुवा." विषय तिथेच संपला.

दोन दिवसांनी त्या प्रेसमध्ये सुरगाण्याच्या काशिनाथ भोये या कामगाराची दोन बोटं गेली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी किमसाहेबांना विचारलं.

"मी सांगितलं होतं."

"तुम्ही आवाजाबद्दल विचारलंत फक्त!"

"तेच सांगणं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

मला रडू फुटलं. आमच्यात त्यांची भाषा येणारी मी एकटीच होते, आणि मीच ओळखलं नाही.

किमसाहेब रोज दवाखान्यात जायचे. "लय गुणाचा माणूस," काशिनाथ म्हणाले. "तासभर बसतो, न् काय बोलत नाय."

प्रेस पुन्हा सुरू करायची म्हणून बैठक बसली. वरिष्ठांनी नेहमीचा प्रश्न विचारला. किमसाहेब उभे राहिले. कान लाल झालेले. "हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर अजून बिघडलेलाच आहे. मशीन सुरू करू नका. मला आधीपासून माहीत होतं, मी स्पष्ट बोललो नाही. चूक माझी आहे." वरिष्ठांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी प्रत्येक शब्द मोठ्याने मराठीत सांगितला.

नवा सेन्सर येईपर्यंत प्रेस बंद राहिली. महिन्याभरात किमसाहेबांना कोरियाला परत बोलावून घेतलं. कारण कोणी सांगितलं नाही.

जायच्या दिवशी काशिनाथ गेटवर आले होते. किमसाहेब त्यांच्यासमोर कमरेत वाकले ते वाकलेलेच राहिले. शेवटी काशिनाथांनी धड हाताने त्यांचा खांदा धरून त्यांना उभं केलं.

"पुरं झालं, साहेब," ते म्हणाले.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण किमसाहेबांनी मान हलवून मला थांबवलं. त्यांना कळलं होतं.